आतली कड

मोटारीचा टायर आतल्या बाजूने झिजतो, हे ज्ञान मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मानपूरच्या अलीकडे, श्रावणातल्या पावसात रस्त्याच्या कडेला उभे असताना झाले.

साल २०२२. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, नर्मदास्नानासाठी महेश्वरला न्यायचे होते. इंदूरहून निघालो तेव्हा मी सवयीप्रमाणे गाडीभोवती एक फेरी मारली होती. टायर पाहिले, नक्षी खोल, जवळजवळ नवी. त्यांना अकरा हजार किलोमीटरही झाले नव्हते. आणि तरी घाटाच्या अलीकडेच गाडी एकाएकी डावीकडे ओढू लागली. चिरंजीवांनी ती सावकाश कडेला घेतली. टायर बसला होता. त्याची बाहेरची कड शाबूत, आतली मात्र बोटभर रुंदीत गुळगुळीत आणि एका जागी तारा उघड्या पडलेल्या. मुळात खाली बसवलेली गाडी, त्यात टायर बसलेला. खाली जॅक जाईना. शेवटी एका ट्रकच्या क्लिनरने लाकडी ठोकळा आणून दिला, चाक त्यावर चढवले, तेव्हा जॅक सरकला आणि स्टेपनी लागली. अक्का छत्री धरून उभी होती. ‘मला तर या गाडीत विहिरीत उतरल्यासारखंच वाटतं,’ एवढेच ती म्हणाली.

घाट उतरताना हेच झाले असते तर, हे आम्हां तिघांच्याही मनात होते. कोणी बोलले नाही.

गाडी खाली बसवण्याचा वाद घरात सहा महिन्यांपूर्वी होऊन गेला होता. मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड, कडक स्प्रिंगा घालायच्या. गाडी ४० मि.मी. खाली येते, वळणावर कमी कलते आणि (मुलाच्या मते) देखणी दिसते. मी आयुष्यभर सरकारी कागद वाचलेला माणूस. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ पुढे केले, वाहनातील फेरफारांविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकालही ऐकवला. त्याने शांतपणे विचारले, ‘बाबा, जमिनीपासूनची उंची नोंदणीपत्रात कुठे लिहिली आहे?’ मग मी गतिरोधकाकडे वळलो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्या गल्लीबोळांतले गतिरोधक हे मानक वाचून बांधलेले नसतात, हे मी तावातावाने सांगितले. बोलणे वाढले. ‘माझ्या दारात ही गाडी अशी उभी राहणार नाही,’ असेही मी म्हणून गेलो. महिनाभराने ती तशीच उभी राहिली. मग आठ दिवस आम्ही जेवणाच्या टेबलावर एकमेकांशी आईच्या मार्फत बोललो.

महेश्वरहून परतल्यावर गाडी आमच्या जुन्या मिस्त्रीकडे नेली. ‘खाली बसवल्यामुळेच टायर गेला ना?’ असे मी जरा विजयी सुरात विचारले. मिस्त्रीने माझा हात धरून टायरवर आडवा फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीच्या दातांसारखे. ‘बाबूजी, झुकाव टायर को धीरे खाता है, तिरछापन जल्दी खाता है.’

गाडी खाली आली की चाकांचे माथे आत झुकतात, हे मला डोळ्यांना दिसत होते, आणि सगळा दोष मी त्या झुकण्याला देत होतो. पण चाक दोन दांड्यांनी धरलेले असते. खालची रुंद भुजा त्याला जागेवर ठेवते. स्टीअरिंगची टाय रॉड त्याला वळवते. कारखान्यात गाडी ज्या उंचीवर उभी असते, त्या उंचीला या दोघींचा मेळ बसवलेला असतो. गाडी खाली आली की दोघी आपापल्या कमानीत फिरतात. कमानी सारख्या नसल्या की चाक सुकाणूला हात न लावताही किंचित वळते. कुठल्या गाडीत आत, कुठल्या गाडीत बाहेर. आमच्या गाडीत पुढची चाके बाहेर फाकली होती. यंत्राने त्या चाकाचा कोन अर्धा अंश दाखवला. घरी येऊन हिशेब केला: अर्धा अंश तिरके चाक दर किलोमीटरला सुमारे पावणेनऊ मीटर आडवे ओढले जाते. अकरा हजार किलोमीटरांत पंचाण्णव किलोमीटरांच्या वर! आधीच्या टायरांनी चाळीस हजार किलोमीटर काढले होते.

टाय रॉडचे पेच फिरवून हा तिरकेपणा काढायला मिस्त्रीला पाऊण तासही लागला नाही. स्प्रिंगा बदलल्या त्याच आठवड्यात हे करून घेतले असते, तर टायर टिकला असता. मग का केले नाही? चिरंजीव खाली पाहत म्हणाले, ‘अलाइनमेंट इथेच होते. इथे आणली असती तर तुम्हांला कळलं असतं. नंतर कळलं, तेव्हा तुम्ही गाडीचं नाव काढू देत नव्हता.’

याला माझ्याकडे कलम नव्हते. चौतीस वर्षे लेखापरीक्षणात घालवली. दप्तर ज्या बाजूने समोर ठेवले जाई त्याच बाजूने तपासून किती ठिकाणी सही केली असेल, हा विचार त्या दिवशी मिस्त्रीच्या बाकावर बसून मनात आला. तो सुखाचा नव्हता.

पुढचे दोन्ही टायर नवे घेतले; निम्मे पैसे मी दिले, ते त्याने बऱ्याच आढेवेढ्यांनंतर घेतले. स्प्रिंगा मूळच्या घालाव्यात, असा आग्रह मी धरला नाही, अक्काने धरला. तिच्यापुढे त्याचे काही चालले नाही. उंची पुन्हा बदलली म्हणून अलाइनमेंटही पुन्हा करावे लागले, आणि या खेपेला तो मला बरोबर घेऊन गेला.

अलीकडे तो संध्याकाळी गाडी लावताना पुढची चाके पूर्ण वळवून ठेवतो, म्हणजे टायरची अख्खी रुंदी दिसते. सकाळी चहाचा पेला पायरीवर ठेवून मी वाकतो आणि आतल्या कडेवरून बोट फिरवतो.