शब्दांविना ब्लूज

साहित्याच्या वर्गात ब्लूजची चर्चा बहुधा शब्दांपाशी सुरू होते आणि शब्दांपाशीच संपते. तीन ओळींचे कडवे; पहिल्या ओळीची दुसरीत पुनरुक्ती; तिसरीत तिला मिळणारे उत्तर. हा आकृतिबंध फळ्यावर सहज मांडता येतो, आणि तौलनिक साहित्य शिकविताना मी तो नेहमी मांडतो. परंतु गेली अनेक वर्षे ज्या वादकाची ध्वनिमुद्रणे मी ऐकत आलो आहे, त्या जिमी मॅकग्रिफच्या संगीतात शब्द जवळजवळ नाहीतच. तो ऑर्गनवादक. समीक्षक आणि विक्रेते त्याची गणना जाझमध्ये करीत; तो मात्र स्वतःला ब्लूज-वादकच म्हणवी. कलावंताने आपल्या कलेला दिलेल्या अशा नावाचे अभ्यासकाने काय करावे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

मॅकग्रिफचा जन्म १९३६ चा, फिलाडेल्फियाचा. आईवडील दोघेही पियानो वाजवीत. कोरियन युद्धाच्या काळात त्याने लष्करी पोलिसांत सेवा केली आणि परतल्यावर दोन-अडीच वर्षे तो आपल्याच शहराच्या पोलीस दलात होता. बहिणीच्या लग्नात रिचर्ड ‘ग्रूव्ह’ होम्सचा ऑर्गन त्याच्या कानी पडला आणि त्या वाद्याने त्याला जे धरले ते कायमचेच. ठरावीक वेतनाची नोकरी सोडून तो ऑर्गनच्या मागे लागला.

ऑर्गन म्हटल्यावर मराठी वाचकाला संगीत नाटकाची पायपेटी आठवेल. हॅमंड ऑर्गन हे निराळे वाद्य. त्यात भाता नाही. विजेवर फिरणारी एक्क्याण्णव लहान चक्रे चुंबकांसमोरून जातात आणि त्यातून स्वर सिद्ध होतो. १९३५ साली ते बाजारात आले, तेव्हा नळ्यांचा प्रचंड ऑर्गन ज्यांना परवडत नाही अशी चर्चे त्याची मोठी गिऱ्हाइके ठरली. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ते रुजले, आणि तेथून त्यांच्याच वस्तीतील मद्यगृहांत पोचले. मद्यगृहाच्या मालकाचाही त्यात हिशेब होता. ऑर्गनवादक मंद्र स्वर पायांनी वाजवितो. वेगळा बासवादक लागत नाही. ऑर्गन, गिटार किंवा सॅक्सोफोन, आणि ड्रम, एवढ्या तिघांत रात्र भागते. शनिवारी रात्री ज्या आवाजावर लोक नाचत, तोच रविवारी सकाळी त्यांना प्रार्थनेस उभे करी.

१९६२ साली मॅकग्रिफला कीर्ती मिळवून देणारी ध्वनिमुद्रिका या दृष्टीने ऐकण्याजोगी आहे. ‘आय हॅव गॉट अ वूमन’ हे गाणे मूळचे रे चार्ल्सचे, १९५४ मधले. आणि ते गाणे एका उपासनागीताच्या चालीवर बेतलेले. म्हणजे ईश्वराच्या जागी प्रथम स्त्री आली. मॅकग्रिफने मग स्त्रीविषयीचे शब्दही काढून टाकले आणि उरलेली चाल चर्चच्याच वाद्यावर वाजविली. संहिता दोनदा बदलली, दुसऱ्यांदा तर ती नाहीशीच झाली. तरी ऐकणाऱ्याला आवाहन आणि प्रतिसाद, हुंकार आणि आर्जव, सारे ओळखू येते. तुलनाकाराने येथे आधार कशाचा घ्यावा? आपली नेहमीची साधने शब्दांपाशी अडतात, आणि येथे तर शब्द उरलेलेच नाहीत.

पुढे अभिरुची पालटली. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास बी-३ या हॅमंडच्या प्रसिद्ध नमुन्याचे उत्पादन थांबले. नव्या विद्युत्-वाद्यांचा आणि नृत्यसंगीताचा काळ आला, आणि मॅकग्रिफनेही त्या वाटेने काही ध्वनिमुद्रणे केली. पण ऐंशीच्या दशकात तो जुन्या आवाजाकडे वळला. १९८६ पासून हँक क्रॉफर्ड या सॅक्सोफोनवादकाबरोबरच्या त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. क्रॉफर्ड पूर्वी रे चार्ल्सच्याच वाद्यवृंदात होता. २००८ साली मल्टिपल स्क्लेरोसिसने मॅकग्रिफचे निधन झाले.

ब्लूज-वादक हे त्याचे म्हणणे मला विनयाचे वाटत नाही, आणि हट्टाचेही नाही. जाझ म्हटले की संगीत कौशल्याच्या इतिहासात जमा होते. ब्लूज म्हटले की ते ऐकणाऱ्या माणसांच्या स्वाधीन राहते. त्याने आपले नाते दुसऱ्या पक्षाशी सांगितले. वाङ्मयप्रकार ठरविताना आपण रचनेची लक्षणे मोजतो आणि कलावंताची साक्ष तळटिपेत ढकलतो. अभंगाची किंवा लावणीची संहिता सिद्ध करतानाही हेच घडते: पाठभेद काळजीपूर्वक नोंदले जातात, टाळ, ढोलकी आणि समोरचा श्रोता मात्र पुस्तकाबाहेर राहतात. मॅकग्रिफच्या बाबतीत पुस्तकात घेण्याजोगे शब्दच नसल्यामुळे ही सोय उरत नाही, आणि ब्लूज म्हणजे काय हे त्याच्याकडूनच ऐकून घ्यावे लागते.