मंडपात राहिलेली माणसे

मध्ययुगीन मराठी साहित्याचा तास होता. समर्थ रामदासांचे चरित्र सांगताना मी नेहमीप्रमाणे आसनगावच्या लग्नमंडपापाशी येऊन थांबलो. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थांचे जन्मगाव आमच्या महाविद्यालयापासून फार दूर नाही. त्यामुळे ही कथा आमच्या विद्यार्थ्यांनी आजीच्या तोंडून आधीच ऐकलेली असते. अंतरपाट धरलेला आहे, भटजी ‘सावधान’ म्हणतात आणि बारा वर्षांचा नारायण खरोखरच सावध होऊन मंडपातून पळ काढतो. या जागी मी दरवर्षी थोडे विषयांतर करीत असे. समाजाने आखून दिलेली वाट नाकारणे, आपल्या जगण्याचे माप आपणच ठरवणे म्हणजे काय, ते मी या प्रसंगाच्या आधाराने सांगे. माझा आवाज तिथे जरासा चढत असे, हेही कबूल केले पाहिजे.

त्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, “सर, त्या मुलीचं पुढं काय झालं?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि तास संपल्याची घंटा झाली म्हणून सुटलो. परंतु प्रश्न सुटला नाही. लहानपणापासून मी ही कथा ज्या ज्या तोंडून ऐकली, त्यांपैकी एकातही त्या मुलीला नाव नव्हते. ‘सावधान’ हा शब्द तिच्याही कानांवर पडला असणार. पण पळण्याची मुभा अंतरपाटाच्या एकाच बाजूला होती.

हा प्रश्न मला इतका का लागला, ते सांगायचे तर थोडे स्वतःविषयी बोलणे भाग आहे. बारावीला मला चांगले गुण मिळाले आणि आमच्या भागातील रीतीप्रमाणे मी अभियंता होणार हे गावाने ठरवून टाकले. माझ्या प्रवेशासाठी वडिलांनी विहिरीलगतचा एक एकराचा तुकडा गहाण ठेवला. वर्षभरातच, २००२ साली, मी ते शिक्षण सोडून परत आलो आणि मराठी घेऊन बी. ए. ला बसलो. वडील रागावले नाहीत. “बरं,” एवढेच म्हणाले आणि फावडे घेऊन दारे धरायला निघून गेले. त्या ‘बरं’चा अर्थ लावायला मला वीस वर्षे लागली.

पुढे पदव्युत्तर शिक्षण झाले, पात्रता परीक्षा झाली, पीएच. डी. झाली. नोकरी मात्र तासिका तत्त्वावरची. या शब्दाचा अर्थ या पानांच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नसावी. जितके तास शिकवले तितक्याचे मानधन, तेही मिळेल तेव्हा. उन्हाळ्याच्या सुटीत काहीच नाही. लग्नाची बोलणी येत, चहापोहे होत आणि मग मुलीकडचा एखादा जाणता माणूस हळूच विचारी, “पर्मनंट आहेत का?” या एका शब्दात आमच्या समाजाची यशाची सगळी व्याख्या सामावलेली आहे. मी ती मानत नव्हतो. माझी व्याख्या निराळी होती : जे वाचावेसे वाटते ते वाचता यावे, जे खरे वाटते ते शिकवता यावे. त्या व्याख्येप्रमाणे मी यशस्वी होतो, आणि त्याचा मला अभिमानही होता.

मग २०१२-१३ चा दुष्काळ आला. जालना जिल्ह्यात तो मोसंबीवर सर्वांत क्रूरपणे कोसळला. मोसंबीचे झाड म्हणजे ज्वारीचे ताट नव्हे की यंदा गेले तर पुढच्या वर्षी पेरता येईल. रोप लावल्यापासून हाती फळ यायला चार-पाच वर्षे जातात. त्यामुळे माणसे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहत असतानाच बाग जगवण्यासाठीही टँकर विकत घेत होती. आमच्या बागेला माझ्या धाकट्या भावाने कर्ज काढून असे पाणी घातले. एप्रिलपर्यंत झाडे तगली, मे महिन्यात वाळली. ती तोडायला कुऱ्हाडीवाली माणसे आली, त्या दिवशी मी विद्यापीठात एका चर्चासत्रात निबंध वाचत होतो. रात्री फोन केला तर भाऊ म्हणाला, “दादा, तू तुझं शिकवणं बघ. इथलं मी बघतो.”

हा भाऊ माझ्याइतकाच हुशार होता. त्यालाही पुण्याला जायचे होते. मी माझी वाट निवडली म्हणून घराच्या वाट्याला आलेली वाट त्याला घ्यावी लागली, ही गोष्ट त्याने कधी बोलून दाखवली नाही आणि मी कधी विचारली नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने नकळत नेमके तिथेच बोट ठेवले होते.

त्यानंतर मी जांबची कथा पुन्हा वाचली, आणि या वेळी पळणाऱ्याकडे न पाहता मागे राहिलेल्यांकडे पाहिले. वडील सूर्याजीपंत आधीच वारलेले. आई राणूबाई. थोरले बंधू गंगाधरपंत, ज्यांना संप्रदाय श्रेष्ठ किंवा रामीरामदास म्हणून ओळखतो. घर, शेत, कुळकर्ण आणि आईचे अश्रू हे सारे त्यांच्या वाट्याला आले. नारायण गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशिकजवळच्या टाकळीला पोचला. आमच्या जिल्ह्याची दक्षिण सीमा ज्या नदीने आखली आहे, तीच ही नदी. तिथे बारा वर्षे तप आणि मग बारा वर्षे देशाटन झाले, असे परंपरा सांगते. ही चोवीस वर्षे गंगाधरपंतांनी जांबेत काढली. आम्ही शिकवताना त्यांना एका ओळीत उरकतो. वस्तुतः ‘भक्तिरहस्य’ आणि ‘सुगमोपाय’ हे ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. प्रपंचात राहून त्यांनी लिहिले, उपासना केली, आणि धाकट्याची वाट अडवली नाही. त्यांचे जगणे अयशस्वी कोणत्या मापाने म्हणायचे? समर्थांनी लावलेल्या मापाने तर नक्कीच नाही. कारण ज्याने मंडप सोडला, त्यानेच पुढे दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या आरंभी, परमार्थाकडे वळण्याआधी प्रपंच नीट करावा, असा उपदेश केला आहे. ते लिहिताना त्यांच्या मनात जांबचे घर होते की नाही, हे सांगता येणार नाही. मला मात्र ते समास वाचताना आता ते घर दिसते.

अशा वेळी बी. रघुनाथही आठवतात. परतूरजवळच्या सातोना येथे १९१३ साली जन्मलेला हा कवी-कादंबरीकार निजामी राजवटीच्या बांधकाम खात्यात कारकून होता. त्यांनी मंडप सोडला नाही. कचेरी सांभाळली, संसार सांभाळला आणि त्यातूनच ‘आलाप आणि विलाप’ची कविता लिहिली, कथा-कादंबऱ्या लिहिल्या. ७ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कचेरीत काम करीत असतानाच त्यांचा अंत झाला. लौकिक अर्थाने हे एका कारकुनाचे मरण. पण आज मराठवाड्यात त्यांचे वरिष्ठ कोण होते हे कुणाला ठाऊक नाही. तरीही त्यांचे उदाहरण देऊन नोकरीत पिचत राहण्याचे गोडवे गाण्याचे धाडस मला होत नाही. त्या नोकरीने त्यांच्याकडून काय काय हिरावून घेतले, याचा हिशेब आपल्यापाशी नाही.

मला वाटते, आमच्या चर्चेतली चूक इथेच होते. ‘आपले यश आपण ठरवावे’ हे वाक्य आपण असे उच्चारतो, की जणू माणूस मोकळ्या माळावर एकटा उभा आहे. जालन्यासारख्या जिल्ह्यात कोणीच एकटा उभा नसतो. त्याच्या पायाखाली कोणाचा तरी गहाण पडलेला तुकडा असतो. म्हणून वाट नाकारू नये, असे मी म्हणणार नाही. मी आज पुन्हा बारावीत असतो तर पुन्हा मराठीच घेतली असती. पण आपली व्याख्या करताना तिची किंमत कोण भरतो आहे, हे त्या व्याख्येतच लिहिले गेले पाहिजे. माझ्या व्याख्येत भावाचे नाव नव्हते. ती तेवढ्यापुरती खोटी होती.

त्या विद्यार्थिनीविषयी सांगायचे राहिले. प्रश्न विचारल्यानंतर काही दिवसांनी ती विभागात आली. तिचे लग्न ठरले होते, परीक्षेच्या आधीची तारीख होती. “मला पळता येत नाही, सर,” ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, केवळ माहिती होती. मी तिला धीराचे चार शब्द सांगितले. ते निरुपयोगी होते हे आम्हा दोघांनाही कळत होते. मग उपयोगाची म्हणावी अशी एकच गोष्ट मी केली. मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाची माहिती तिला एका कागदावर लिहून दिली. चार वर्षांनी ती कडेवर मूल घेऊन गुणपत्रिका दाखवायला आली. द्वितीय श्रेणी होती. पदवीचे आता काय करणार, असे मी विचारले नाही. आमच्याकडे हा प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत.

त्या वर्षापासून मी समर्थांचे चरित्र जांबच्या घरापासून सुरू करतो आणि गंगाधरपंतांना एक पूर्ण तास देतो. मंडपाचा प्रसंग आला की वर्गालाच विचारतो, इथे आणखी कोण कोण उभे आहे? मुले आठवून आठवून सांगू लागतात : आई, भाऊ, मामा, भटजी. नवरीचे नाव बहुधा एखादी मुलगीच घेते.

भावाने पुन्हा मोसंबी लावली आहे. गेल्या दिवाळीत मी त्याला विचारले, “तुला पुण्याला जायचं होतं ना?” तो बराच वेळ आळ्यातले तण काढीत राहिला. मग म्हणाला, “एवढ्या वर्षांनी इचारलंस.” आम्ही दोघे संध्याकाळपर्यंत बागेत होतो. त्याने बरेच काही सांगितले. ते इथे लिहिण्याचा अधिकार मला नाही.