प्राइम लोकेशन, खांडबारा

रिटेलच्या धंद्यात चार वर्षं काढली की एक खोड लागते. कुठल्याही गावात गेलं की आधी दुकानांची फ्रंटेज मोजायची. मी लग्नाला गेलो तरी हॉलसमोरचा कोपरा भाड्याने कितीला जाईल, याचा हिशेब करत बसतो. (मित्र वैतागतात. पण पगार त्याचाच मिळतो ना, बॉस!) म्हणून होळीच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्राबरोबर त्याच्या गावी, खांडबाऱ्याला गेलो, तेव्हा डोळा पहिल्यांदा गेला तो मेन रोडवरच्या एका बंद दुकानावर.

खांडबारा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातला नवापूर तालुका. सुरत-भुसावळ लाइनवर नवापूर आणि नंदुरबारच्या मधलं स्टेशन. नवापूरचं स्टेशन तुम्हाला माहीत असेल, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. तिथल्या बाकावर सेल्फी काढणारे पुष्कळ. पुढे येऊन खांडबाऱ्याला उतरणारा टुरिस्ट मात्र मला तरी दिसला नाही.

तर दुकान. बावीस-चोवीस फूट रुंद, पुढे ऐसपैस ओटा, सागाचे खांब, वर कौलं. शटर नाहीच. जुन्या पद्धतीच्या उभ्या फळ्या, एकेक खाचेत सरकवायची आणि वरून लोखंडी आडणा टाकायचा. क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फळीवर आकडा कोरलाय. सातवी फळी गायब आहे, तिथे पत्रा ठोकलाय. छपराची मधली ओळ खचलीय आणि तिथूनच एक पिंपळ मस्त डोकं वर काढतोय.

ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास इथून धावायला लागली आणि स्टेशनांच्या आसपास व्यापारी येऊन वसले. तूर, मोहाची फुलं, डिंक बाहेर जायचा. मीठ, गूळ, घासलेट, कापड आत यायचं. माल विकणारा आणि उधार देणारा बहुतेक वेळा एकच. त्या उधारीच्या वहीतून या पट्ट्यातल्या किती जमिनी हातच्या गेल्या, म्हणून तर १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा करावा लागला. जुनं दुकान दिसलं की आपण शहरातले लगेच 'हाउ क्वेंट!' म्हणतो. माझा मित्र मावची आहे. त्याची आजी एवढंच म्हणाली, "आम्ही ओट्यावर चढत नव्हतो. खाली उभं राहून माल घ्यायचो."

आज त्याच ओट्यावर तिचा दुसरा नातू, मित्राचा चुलतभाऊ, मोबाइलची कव्हरं, चार्जर, इअरफोन मांडून बसतो. बंद फळ्यांवर खिळे मारून त्याने दोऱ्या बांधल्यात, हाच त्याचा डिस्प्ले. संध्याकाळी सगळा माल गाठोड्यात बांधून बाइकवरून घरी न्यायचा. पावसाळ्यात ताडपत्री, आणि तरीही आठवड्यातले दोन दिवस धंदा बुडालेला. एका कुलपामागे चारशे स्क्वेअर फूट रिकामी, आणि तो बाहेर!

धंदा नाही म्हणून दुकान बंद असतं, असं आमच्या एक्सेल शीटला वाटतं. हायवे विसरवाडीवरून जातो, हे खरं. पण होळीच्या आधी इथला बाजार बघा. ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेली कुटुंबं परत आलेली, हातात मजुरी, आणि कपडे, चांदी, नगारे, चपला, मोबाइल, सगळ्यावर गर्दी. मी सवयीने फुटफॉल मोजायला घेतला आणि दहा मिनिटांत नाद सोडला. (मीही पिशवीभर नवापूरची तूरडाळ घेतली. तिला २०१६ साली जीआय टॅग मिळालाय. वरण जाम भारी होतं.)

मग अडलंय कुठे? मालकाचं कुटुंब तीन पिढ्यांत सुरत, नाशिक आणि परदेशात पांगलं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून आजोबांचंच नाव. आणि तो उतारा तर नुसता कर आकारणीचा, मालकीचा पुरावा नव्हेच. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क, आणि ते रास्तच आहे. एकूण सह्या नऊ. भाड्याची गरज नऊपैकी एकालाही नाही. भीती मात्र सगळ्यांना की भाडेकरू चिकटेल. मुंबईच्या पागडीचे किस्से इथवर पोचलेत! सुरतचे काका फोनवर "दिवाळीनंतर बघू" म्हणतात. तीन दिवाळ्या झाल्या.

गावात सरळ मत आहे की पाडा आणि स्लॅबचं कॉम्प्लेक्स बांधा. मला पटलं नाही. खांब ठोकून पाहिले, खणखणीत आहेत. कौलं, वायरिंग, फरशी आणि एक सातवी फळी, एवढ्यावर दुकान उभं राहील. फक्त छत आत्ता झालं पाहिजे. मातीच्या भिंतीत आणखी दोन पावसाळे पाणी मुरलं तर पाडायला कोणाची सही लागणार नाही.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही तिघांनी बसून अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सचा मसुदा लिहिला. छताची दुरुस्ती भाऊ करणार, खर्च भाड्यातून वळता. कराराच्या नोंदणीचा खर्चही त्याचाच. मसुदा नऊही वारसांना व्हॉट्सअॅपवर गेला. हे लिहितोय तोवर चौघांच्या टिक निळ्या झाल्यात. नाशिकच्या ताईंनी विचारलंय, "कौलं जुनीच बसवणार की नवी?"