साबण, पोटॅश आणि तांबडा विंचू

पेशीपटलातल्या प्रथिनांवर काम करणाऱ्या माणसाची निम्मी उमेद साबण निवडण्यात खर्ची पडते. लोकांना हे ऐकून हसू येतं, पण ते खरं आहे. बाकीची बहुतेक प्रथिनं पाण्यात विरघळतात. पेशी फोडा, गाळ खाली बसवा, वरचं पाणी घ्या, काम सुरू. आयन चॅनलचं, म्हणजे पेशीपटलातून आयनांना वाट देणाऱ्या प्रथिनाचं, तसं नाही. हे प्रथिन जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाडीच्या स्निग्ध पडद्यात आरपार रुतलेलं असतं आणि त्याचा पडद्यातला भाग पाण्यात टिकत नाही. त्याला सोडवायचं तर पडदाच विरघळवावा लागतो, म्हणजे साबण आलाच. तो डोडेसिल माल्टोसाइडसारखा सौम्य हवा. कडक साबणानं पडद्याबरोबर प्रथिनाचीही घडी विस्कटते. फारच मऊ निवडला तर प्रथिन जागचं हलत नाही.

मी साक्री तालुक्यातला. शिक्षण धुळ्यात, संशोधन बंगलोरला आणि नोकरी जळगावात. नोकरी लागली तेव्हा धुळ्याच्या मामांनी विचारलं, ‘भाऊ, तुना पगार कितला शे?’ आकडा ऐकल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न, म्हणजे मी नेमकं करतो काय, विचारलाच नाही. त्याचं उत्तर मी इतकी वर्षं वेगवेगळ्या लोकांना तुकड्या-तुकड्यांनी देत आलो आहे.

बंगलोरला मी पॅच क्लॅम्प शिकलो. एर्विन नेहेर आणि बर्ट झाकमन यांनी याच तंत्रानं 1976 मध्ये एकेका चॅनलमधून वाहणारा विद्युतप्रवाह मोजून दाखवला. त्यांना 1991 चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. काचेची नळी तापवून ओढायची, टोक मायक्रोमीटरभर रुंद ठेवायचं, ते जिवंत पेशीला हलकेच टेकवायचं आणि मागून रबरी नळीनं तोंडानं ओढ द्यायची, स्कूटरच्या टाकीतलं पेट्रोल काढताना देतात तशी, फक्त फार बेतानं. काच आणि पटल घट्ट चिकटले की रोध एक गिगाओहमच्या वर जातो. मग पडद्यावरची रेघ पायरी चढते, उतरते. प्रत्येक पायरी म्हणजे एक चॅनल उघडलं, एक मिटलं. प्रवाह काही पिकोअँपिअरचा. त्यामुळे खोलीतल्या ट्यूबलाइटची पन्नास हर्ट्‌झची गुणगुणसुद्धा त्यावर स्वार होते. ती घालवण्यासाठी यंत्राभोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा, खाली हवेवर तरंगणारं टेबल. हा सगळा सरंजाम जळगावात उभा करणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून मी दुसरी वाट धरली. ती मला आज जास्त आवडते.

ही वाट स्वस्त आहे, पण आळशी माणसाचं तिथे काम नाही. यीस्टमध्ये चॅनल तयार करून घ्यायचं, पेशी फोडायच्या आणि पटलं वेगानं फिरवून तळाशी बसवायची. नळीच्या तळाशी मधाच्या रंगाचा, बोटाला बुळबुळीत लागणारा गोळा दिसतो. त्यात साबण मिसळून चार अंशांच्या शीतखोलीत तासभर हळूहळू फिरवत ठेवायचा. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. मुलं डोक्याला बांधलेला बागायती रुमाल सोडतात, स्वेटर चढवतात आणि आत जातात. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावतो: जेलवर चढवण्याआधी नमुना उकळायचा नाही. पुस्तकात पाच मिनिटं उकळा असं लिहिलेलं असतं, आणि ते पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनांना लागूही पडतं. आपलं प्रथिन उकळलं की त्याच्या गुठळ्या होतात, त्या जेलच्या खाचेतच अडकून बसतात आणि मुलगा येऊन सांगतो की सर, प्रथिन तयारच झालं नाही. सदतीस अंश पुरे.

शुद्ध झालेलं चॅनल पुन्हा मेदाच्या बारीक फुग्यांत, लायपोसोममध्ये, बसवायचं आणि साबण शोषून काढायचा. फुग्याच्या आत पोटॅशियम, बाहेर सोडियम. बाहेरच्या द्रावात एसीएमए नावाचा चमकणारा रंग आणि प्रोटॉनना पटलातून ये-जा करू देणारं एक रसायन टाकायचं. चॅनल चालू असेल तर पोटॅशियम बाहेर पळतं, फुग्याची आतली बाजू ऋण होते, त्या ओढीनं प्रोटॉन आत शिरतात आणि रंगाची चमक मावळू लागते. फ्लुरोमीटरच्या पडद्यावर रेघ उतरायला लागली की समजायचं, प्रथिन काम करतंय. शेवटी व्हॅलिनोमायसिन टाकायचं. त्यामुळे चॅनल नसलेल्या फुग्यांतलं पोटॅशियमही सुटतं आणि किती फुगे रिकामे राहिले होते ते कळतं. फ्लुरोमीटर आपल्याकडच्या बऱ्याच विद्यापीठांत असतो. नसतो तो साबणाशी झटापट करायचा धीर.

पोटॅशियमचंच चॅनल का, असं विचारणाऱ्याला मी रावेर-यावलच्या रस्त्यावर नेईन. तिथला शेतकरी ठिबकमधून केळीला पोटॅश सोडतो. शंभर ग्रॅम पिकलेल्या केळ्यात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि त्यातला कणन्‌कण मुळांच्या पेशींची पटलं ओलांडून आलेला असतो. वनस्पतींच्या मुळांतलं असं एक चॅनल, एकेटी-1, 1992 मध्ये हाती लागलं. खरी गंमत मात्र निवडीची आहे. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान, तरी पोटॅशियम सुटतं आणि सोडियम अडतं. निवड दहा हजारांत एकाहूनही काटेकोर, आणि वेग सेकंदाला कोट्यवधी आयनांचा. रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 मध्ये मातीतल्या एका जिवाणूच्या चॅनलची रचना स्फटिकातून काढली तेव्हा उलगडा झाला. आयन पाण्याचं वेष्टण घेऊन फिरतो. चॅनलच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेले आहेत की वेष्टण सोडून आलेल्या पोटॅशियमला ते पाण्याची उणीव भासू देत नाहीत. सोडियम आकारानं छोटं असल्यामुळे त्याला ते सगळे एकदम गाठता येत नाहीत, म्हणून त्याला पाणी सोडणंच परवडत नाही. 2003 चं निम्मं नोबेल याला मिळालं. मी हे दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी फळ्याकडे पाठ करून दोन मिनिटं गप्प बसतो, कारण पोरांना ते पचायला वेळ लागतो.

आता ती विचारतात, संगणक जर प्रथिनाचा आकार घरबसल्या सांगतो, 2024 चं रसायनशास्त्राचं निम्मं नोबेल त्यालाच मिळालं, तर हा साबणाचा उद्योग कशाला? माझं मत स्पष्ट आहे. आकार कळला म्हणून काम कळत नाही. घरमाशीच्या सोडियम चॅनलमध्ये एका ठिकाणी ल्युसीनच्या जागी फिनाइलअ‍ॅलानीन आलं की डीडीटी आणि पायरेथ्रॉइडं तिच्यावर निकामी ठरू लागतात. चित्रात दोन्ही चॅनलं शेजारी ठेवली तर फरक शोधावा लागतो. फरक दिसतो तो प्रवाह मोजल्यावर.

कपाशीवर ‘सायपर’ फवारणाऱ्याला या चॅनलची ओळख चेहऱ्यावरच होते. सायपरमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड सोडियम चॅनल लवकर मिटू देत नाही, म्हणून अळी झटके देऊन मरते आणि फवारणाऱ्याच्या कातडीला आग होते, मुंग्या येतात. बहुतेक पायरेथ्रॉइडं थंडाव्यात जास्त परिणामकारक असतात. भर उन्हात फवारणी टाळण्याचं हे एक जादा कारण. तुडतुड्यांवरचं इमिडाक्लोप्रिड बसतं ते कीटकाच्या अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टरवर, तेही चॅनलच. पुण्याच्या आयसरचे संचालक राहिलेले जयंत उदगावकर पुढे प्रथिनांच्या घडणीवरच्या कामासाठी नावाजले गेले, पण तरुणपणी कॉर्नेलमध्ये त्यांनी जॉर्ज हेस यांच्याबरोबर सस्तन प्राण्यांमधल्या याच रिसेप्टरचा वेग मोजला होता. आणि बीटी कपाशी? 2002 मध्ये परवानगी मिळालेल्या त्या वाणातलं क्राय प्रथिन अळीच्या आतड्याच्या पेशीपटलात स्वतःच भोक पाडतं. त्याआधी ते पटलातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला धरतं. भारतातल्या शेंदरी बोंडअळीत तेच कॅडहेरिन बदललेलं सापडलं, मग पकडच सुटली. माझ्या मते पेशीपटलातल्या प्रथिनांचा खान्देशातला सर्वांत महागडा प्रश्न हाच आहे, आणि आमच्या अभ्यासक्रमात तो चार ओळींत आटोपतो.

राहिला विंचू. तांबड्या विंचवाच्या विषात सदतीस अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड असतं, इबेरिओटॉक्सिन. पोटॅशियमच्या एका ठरावीक जातीच्या चॅनलला ते इतकं नेमकं बंद करतं की जगभरच्या प्रयोगशाळा ते हत्यार म्हणून वापरतात. आपल्याकडच्या विंचवाचं हे विष आम्ही परदेशी कॅटलॉगमधून मागवतो, मायक्रोग्रॅमच्या भावानं. माणूस दगावतो तो मात्र विषातल्या दुसऱ्या पेप्टाइडांमुळे. ती सोडियम चॅनल मिटू देत नाहीत, मज्जातंतू थांबत नाहीत, रक्तात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो आणि हृदय थकतं. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे रुग्ण उशाशी बसून पाहिले, 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं आणि पुढे रक्तदाबाच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीनं मृत्यूचं प्रमाण कितीतरी खाली आणलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळी बिघडलेल्या चॅनलला हातही लावत नाही. रक्तवाहिन्यांच्या पटलातला अल्फा रिसेप्टर अडवते आणि तेवढ्यानं भागतं. एवढी वर्षं चॅनलच्या मागे लागलेल्या माणसाला हे कबूल करावंच लागतं.

कोकणातल्या आणि दख्खनच्या पठारावरच्या तांबड्या विंचवांचं विष एकसारखं नसतं, हे तपासून दाखवलं गेलं आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या विंचवाचं विष लायपोसोमवर आणि पेशींवर तपासावं, असं मी कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या परिसरात जैवरसायनशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो. विषय घरचा आहे आणि एका पीएच.डी.ला पुरून उरेल.

ज्यांना संशोधनाशी देणंघेणं नाही त्यांनी निदान एवढं करावं: विंचू डसल्यावर घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर भगताकडे किंवा झाडपाल्याकडे वेळ घालवू नये. 108 ला फोन लावून थेट सरकारी दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना डसल्याची वेळ सांगावी.