उष्णतामापकाची सुई

जुन्या मोटारीचा मालक आणि जुन्या वळणाचा वैद्य यांच्यात बरेच साम्य असते. वैद्याचा भरवसा नाडीवर, तर मोटारवाल्याचा कानावर व नाकावर. इंजिनाचा स्वर किंचित बदलला, तापलेल्या रबराचा वास आला, की त्याला रोग कळतो. निदान कळतो असे तो म्हणतो. अशा गृहस्थाने गाडीस उष्णतामापक बसविण्याचे मनात आणले, तर वैद्याने थर्मामीटर विकत घेतल्याइतके नवल स्नेहीमंडळींस वाटते. 'गाडीचे मूळ रूप बिघडवू नये' असा उपदेश आम्हांस काहींनी केला. 'इतकी वर्षे चाललीच ना?' असे इतरांनी विचारले. दोन्ही आक्षेप विचारार्ह आहेत.

आमची गाडी मॉरिस मायनर. अ‍ॅलेक इसिगोनिस या कल्पक यंत्रज्ञाने आखलेली ही गाडी १९४८ साली इंग्लंडात अवतरली. सर्व प्रकार मिळून १६ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि 'बेबी हिंदुस्थान' या नावाने तिची एक आवृत्ती आपल्याकडेही झाली. सामान्य कुटुंबास परवडावी म्हणून तिच्यात अनावश्यक असे काही ठेवले नव्हते. वेग, पेट्रोल, तेलाचा दाब व विजेचा भरणा यांची खबर देणारे काटे व दिवे, एवढाच चालकासमोरील संसार. पाणी किती तापले हे सांगणारे कोणी नव्हते, आणि इंग्लंडच्या थंड हवेत ते चालूनही गेले.

परंतु वैशाखात बोरघाट चढणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी. चढावर इंजिन जोराने फिरते, पण गाडी मंद चालते. म्हणजे उष्णता वाढते आणि रेडिएटरला मिळणारा वारा घटतो. उघड्या भांड्यातील पाणी समुद्रकाठी १०० अंशांना उकळते, महाबळेश्वरास ९५ च्या आसपासच. रेडिएटरला ७ पौंड दाबाचे झाकण असल्यास समुद्रकाठी ही मर्यादा सुमारे १११ अंशांपर्यंत जाते. ती ओलांडली की वाफ पाण्याला बाहेर लोटते, मग हेड वाकते, गॅस्केट जळते. आणि जिचे सुटे भाग जुन्या बाजारात धुंडाळावे लागतात, ती गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. कानाला व नाकाला हे सारे कळते खरे. पण कळते ते वाफ निघाल्यावर.

आम्ही निवडलेला मापक विजेवाचून चालणारा आहे. धातूच्या कुपीत ईथर असते. कुपी तापली की ईथरच्या वाफेचा दाब तांब्याच्या केसासारख्या बारीक नळीतून तबकडीपर्यंत पोहोचतो, आणि तेथील चपटी वाकडी नळी किंचित उलगडून सुई हलविते. अशा वाकड्या नळीचे पेटंट यूजीन बूर्दाँ या फ्रेंच यंत्रकाराने १८४९ साली घेतले. वाफेचा दाब उष्णतेबरोबर अधिकाधिक वेगाने वाढतो, म्हणून तबकडीवरील खुणा थंड बाजूस दाटीने आणि तप्त बाजूस ऐसपैस पडतात. जेथे धोका, तेथेच सुई स्पष्ट बोलते.

बसविताना नळी लांब पडली. "उस्ताद, जास्तीची कापू का?" असे हाताखालच्या मुलाने विचारताच मिस्त्री गरजले, "कापलीस की मेला तो! आतला दाब गेला, तर उरेल नुसती चकती. वेटोळं कर तिचं." कुपीसाठी रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीत एक जोडतुकडा घातला. मूळ इंजिनास एकही छिद्र पाडावे लागले नाही. उद्या सारे काढून गाडी पूर्ववत करता येईल. पहिल्या आक्षेपास हे उत्तर पुरे व्हावे.

नव्या पाहुण्यामुळे आमची नजर रस्त्यापेक्षा तबकडीवरच खिळू लागली, तेव्हा आमच्या मंडळींनी निर्णय दिला, "तुम्ही रस्त्याकडे पाहा, सुईकडे मी पाहते." तेव्हापासून ते खाते त्यांच्याकडे आहे. सुई ८० ते ९० च्या दरम्यान असेतो त्या स्वस्थ असतात, पुढे सरकली की "थांबायचं ना?" एवढेच विचारतात. आम्ही सावली पाहून थांबतो. इतकी वर्षे गाडी चालली, हे खरे; पण केव्हा थांबावे हे आता वेळेवर कळते.

तथापि सर्वांत मोलाचा बोध मिस्त्रींनी निरोप घेताना केला. "साहेब, सुई चढली तर घाबरू नका, गाडी थांबवा. पण चढलेली सुई एकाएकी खाली आली, तर मात्र घाबरा." याचे कारण साधे आहे. कुपी पाण्याची उष्णता सांगते. नळी फुटून पाणीच निघून गेले, तर कुपी कोरडी पडते, इंजिन आत होरपळत असते आणि सुई मात्र थंड बाजूस कलते. यात मापक खोटे बोलत नाही. त्याला जेथे बसविले, तेथली हकीकत तो सांगतो. इंजिनाची हकीकत आपण तीतून अनुमानाने काढलेली असते, आणि मधले पाणी गेले की ते अनुमान फसते.

घरात, कचेरीत, राज्यकारभारातही खबर देणारी माणसे व कागद असेच कोठेतरी बसविलेले असतात. म्हणून सुईला तिचा मान देऊनही कानास व नाकास आम्ही रजा दिलेली नाही.