खडीचा रस्ता

डोंगर, धुकं, शरदाचं चांदणं यावर लिहिणारे लई झाले. आपल्यात डोंगरावर फारसं कुणी लिहीत नाही. कारण सरळ आहे. आपल्या आयांनी डोंगर पाहिला तो डोक्यावर मोळी घेऊन, नाहीतर हातात हातोडा घेऊन. मान वर करून डोंगर बघायला पोट भरलेलं लागतं. अंगावर सुट्टीचा दिवस लागतो. साठीला टेकल्यावर तसा एक दिवस आम्हा दोघांना मिळाला. त्याचे हे चार शब्द.

दोघं म्हणजे मी अन् माझा जुना दोस्त. त्याचं नाव घालत नाही. तोच म्हणाला, "नाव नको घालू. पोरीचं लग्न व्हायचंय." यात काय ते समजून घ्या.

२७ जुलै १९७८ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. अन् मराठवाडाभर आपल्या वस्त्या पेटल्या. त्याचं घर त्यात गेलं. तेव्हा तो बारा वर्षांचा. मायलेकरं अंगावरच्या कपड्यांनिशी औरंगाबादला आली. पुढं पैठण रोडला कंपन्या निघाल्या तसे आम्ही दोघंही चितेगावला खोल्या करून राहिलो. एका पाळीत राबलो, एका डब्यात जेवलो. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं ते १४ जानेवारी १९९४ला. सोळा वर्षं गेली मधी. तेही नामांतर नव्हे, नामविस्तार म्हणून.

दसऱ्यानंतरच्या रविवारी त्यानं दारात मोटारसायकल आणून उभी केली. "चल, पितळखोऱ्याला जाऊ. माय जिथं खडी फोडायची तो रस्ता बी दाखवतो." पाऊस उघडला होता. हवेत गारवा होता. शहर ओलांडलं, पडेगाव मागं टाकलं अन् देवगिरीचा किल्ला समोर आला. रस्त्याच्या कडेला बाया सीताफळाच्या पाट्या घेऊन बसलेल्या.

दौलताबादला गाडी थांबवली. इथं आपल्या माणसाला थांबावंच लागतं. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी बघायला निघाले होते. तीही सहलच. वाटेत हा किल्ला. प्रवासाच्या धुळीनं सगळे माखलेले. दाराबाहेर काठोकाठ भरलेला हौद दिसला म्हणून काहींनी हातपाय धुतले. झालं. हौद बाटवला म्हणून आरडाओरडा सुरू झाला, माणसं धावून आली. दिवस रमजानचे होते, अंगावर येणारे मुसलमान होते. बाबासाहेबांनी त्यांनाच विचारलं, हाच तुमचा धर्म शिकवतो का? आम्ही मुसलमान झालो तर अडवाल का? तेव्हा कुठं जमाव निवळला. किल्ला बघायला सोडलं, पण सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. आत कुठं पाण्याला हात लागू नये म्हणून. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, अन् त्याच्यावर पाण्यासाठी पहारा.

दोस्तानं पिशवीतली पाण्याची बाटली काढली. तिथंच उभ्यानं तोंड धुतलं. अंमळ जास्तच पाणी सांडलं. मी काही बोललो नाही.

घाट चढून खुलताबाद, उतरून वेरूळ, पुढं कन्नड. दोन्ही अंगाला मका उभा. कन्नडच्या अलीकडं एका हॉटेलात चहा सांगितला. शेजारच्या बाकावरच्या पाव्हण्यानं विचारलं, "कोण्या गावचे?"

"चितेगाव."

"आडनाव?"

गाव सांगून भागत नाही. आडनाव लागतं. तेवढ्यात दोस्ताचा फोन वाजला. त्याच्या फोनवर भीमगीत आहे. २०१५च्या मे महिन्यात शिर्डीत असल्याच रिंगटोनवरून सागर शेजवळ या आपल्या तरण्या पोराला जिवे मारलं. हे आम्हा दोघांनाही ठाऊक. बाकावरची दोन-चार तोंडं वळली. मी म्हणालो, "उचल की."

"वाजू दे," तो म्हणाला. "गाणं पुरं होऊ दे."

गाणं पुरं झालं. पाव्हण्यानं पुन्हा आडनाव विचारलं नाही. चहा सगळ्यांना दिला तसल्याच कपात आला. कप बदललाय, हे खरं. तोंडं वळतात, हेही खरं.

कन्नडच्या पुढं डोंगराकडं वळलो. एका वळणावर त्यानं गाडी बंद केली. "हा घे. माह्या मायचा रस्ता."

१९७२च्या दुष्काळात माय त्याला घेऊन माहेरी आली होती. तिथं सरकारी काम निघालं. खडी फोडायची, पाटीनं वाहायची, पसरायची. खायला मिलो, पोरांना सुकडी. हा सहा वर्षांचा, खडीच्या ढिगाच्या सावलीला बसायचा. मराठवाड्यातले कितीतरी रस्ते अन् पाझर तलाव असल्याच हातांनी झाले. त्याच कामांतून पुढं १९७७चा रोजगार हमीचा कायदा आला. दोस्त खाली बसला, डांबरावर तळहात ठेवला. "ह्याच्या खाली हाये ती खडी. वरून कैक येळा डांबर पडलं असंल."

पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरलो तेव्हा ओढ्याला पाणी होतं. दगड ठिसूळ, पुष्कळसं ढासळलेलं. पण कोरीव हत्तींची रांग अजून उभी आहे. दोन हजार वर्षांहून जुनी ही बुद्धलेणी. एका खांबावर दान देणाऱ्याचं नाव ब्राह्मीत आहे : पैठणच्या अत्तरवाल्या कुळातला मितदेव. म्हणजे आमच्याच रोडकडचा माणूस. इथंच सापडलेला एक ठेंगणा यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर लिहिलंय, हा कान्हदास सोनारानं केला. मी हे सांगत होतो, दोस्त ऐकत होता. मग म्हणाला,

"सोनारानं लिव्हलं, म्या केलं म्हणून. अन् माह्या मायनं कुठं लिव्हायचं?"

मी जरा थांबून म्हणालो, "पगाराच्या दिवशी मस्टरवर अंगठा लावायची ना ती?"

"हाव. दर आठवड्याला."

तोच तिचा शिलालेख. शाईचा. कुठल्या तरी कचेरीत वाळवीनं खाल्ला असेल. दगडातली अक्षरं दोन हजार वर्षं टिकली, आपल्या आयांचे अंगठे पन्नास वर्षंही टिकले नाहीत.

म्हणून या पानावर सांगणं एवढंच. ज्याच्या मायबापानं ७२ला खडी फोडली, त्यानं घरात विचारावं. कोणता रस्ता, कोणता तलाव, कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत. ज्या म्हाताऱ्या अजून हयात आहेत, त्यांना आधी विचारा. अन् लिहून पाठवा. अक्षर कसंही असो, चालेल.

जयभीम.