काहून?

आमच्या वऱ्हाडात ‘का’ असे कोणी विचारीत नाही, ‘काहून’ म्हणतात. त्या शब्दात नुसती चौकशी नसते, थोडी तक्रारही असते. पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी १८६८ साली मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाचे नीट वर्णन केले, तेव्हापासून वैद्यकशास्त्रही हाच शब्द घेऊन बसले आहे. या रोगात आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचे आवरण कुरतडते. विहिरीवरच्या मोटारीच्या वायरीचे रबर उंदराने खाल्ले की मोटार कधी चालते, कधी नाही, तशातला प्रकार. स्वतः शार्को यांचा संशय दीर्घ दुःखावर आणि मनस्तापावर होता.

पुढे ऊन सापडले. विषुववृत्तापासून दूरच्या मुलखांत हा रोग अधिक. तेथे ऊन कमी, म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व कमी. मग सातपुड्याच्या पायथ्याशी, हिवरखेडला, कपाशीच्या तासांत निम्मा जन्म काढलेल्या माझ्या आत्याला तो व्हावा? आधी एका डोळ्यापुढे धुके आले आणि आपोआप विरले. वर्षाने पाय जड झाले. वैशाखात तर तिचे हाल पाहवत नाहीत. अंग तापले की उघड्या पडलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाही, पाय लुळे पडतात. ओला पंचा गुंडाळून कूलरपुढे बसली की हळूहळू पूर्ववत. उन्हाने मूळ रोग वाढत नाही म्हणतात. पण मे महिन्यात हे तिला कोणी पटवावे! पुस्तकात जे ऊन राखणदार, तेच आमच्याकडे वैरी.

रक्ताचाही माग निघाला. मुंबईच्या पारशी समाजात हा रोग इतर भारतीयांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० साली दाखवले. तीच मुंबई, तेच ऊन. म्हणजे आनुवंशिकतेचाही हात आहे. पण आत्या पडली कुणब्याची लेक!

अलीकडचा मोठा धागा २०२२ चा. हार्वर्डच्या आस्केरिओ यांच्या गटाने अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक माणसांच्या वीस वर्षांच्या नोंदी आणि आजारी पडलेल्यांचे साठवलेले रक्त तपासले. एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर धोका ३२ पटीने वाढलेला आढळला. गंमत अशी की हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात मुक्कामाला असतो आणि त्यांतल्या फार थोड्यांना हा रोग होतो. विषाणू, रक्त, ऊन आणि आणखी काही, यांची गाठ कोणाच्या शरीरात कशी पडते, हे कोडे उरतेच.

शेजारच्या काकूंनी आत्याचे दुखणे मागच्या जन्मीच्या पापात बसवले होते. विषाणूची हकिगत मी सांगितली, तेव्हा आत्याने एवढेच विचारले, “मंग तो काकूच्याही आंगात असन?”

“बहुतेक असेलच,” मी म्हणालो.

कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली.